ढमाले मास्तर आणि दहापैकी तीन

मारुती ढमालेबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल वाकडं लिहिलं तर कुणाला नवल वाटणार नाही, आणि चांगलं लिहिलं तर ते लिहिताना मला किती जड गेलं असेल, तेही कळेल.

मी रघुवीर पागनीस, राजवाड्याजवळच्या एका शाळेत ड्रिल मास्तर. आजोबा आणि वडील दोघेही होळकर सरकारच्या दफ्तरात होते. मी स्वतः दोन हंगाम होळकर संघाच्या नेटमध्ये फलंदाजांना सराव म्हणून गोलंदाजी केली. संघात मला कधी घेतलं नाही, पण ते असो. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, आमच्या घरातल्या पगड्या ट्रंकेत गेल्या. मान म्हणून एवढाच उरला होता, की शाळेच्या क्रिकेटची गोष्ट निघाली की इंदुरात लोक म्हणत, पागनीसांना विचारा.

ढमाले मिलकडचा. त्याचे वडील शंकरराव नगरहून आले आणि कापडमिलमध्ये हजेरी लिहायला लागले. मारुती परदेशीपुऱ्यातल्या चाळीत वाढला, मॅट्रिक झाला आणि तिकडच्याच शाळेत भूगोल व ड्रिल शिकवू लागला. उंच, काळासावळा, शर्टाच्या खिशात मोच्याची जाड सुई आणि दोरा. शाळेला चेंडू परवडत नसत, म्हणून उसवलेले चेंडू हा स्वतः शिवायचा. क्रिकेट त्याने धड कधी खेळलंच नव्हतं. लहानपणी मैदानाच्या कडेला झाडावर बसून पाहिलं, तेवढंच. आणि हे तो लपवायचाही नाही. "मला यातलं काही कळत नाही भिया, मी फक्त पोरं गोळा करतो," असं हसत हसत सांगायचा. कळत नसताना माणूस इतका सुखी कसा, याचाच मला पहिल्यांदा राग आला.

त्यात माझ्याच शाळेची पोरं त्याला रस्त्यात पाहिलं की सायकलवरून उतरून नमस्कार करायची. मला करायची ती शिटीच्या धाकाने. संध्याकाळी जेवताना मी त्याच्याबद्दल काही ना काही बोलायचोच. माझी बायको यशोधरा एकदा म्हणाली, "घास तुम्ही पोळीचा घेता आणि चावता ढमालेंना." मी ताटावरून उठलो, पण बोललेलं खोटं नव्हतं.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. दर वर्षी इंदूरच्या शाळांमधून निवडलेला एक संघ ग्वाल्हेरच्या शाळांशी खेळायला जायचा. मध्यभारतच्या या दोन राजधान्यांचं एकमेकींशी कधी पटलं नाही, त्यामुळे या सामन्याला फार मोल. संघ कसा निवडायचा? शाळा समितीचे नानासाहेब यांच्या तुकोगंजातल्या बंगल्यावर पाच शाळांचे पाच मास्तर चहाला जमत. कचोरी येई, शेव येई, आणि 'तुमचे तीन, आमचे चार' असं चालू होई. नानासाहेब शेवटी माझ्याकडे बघत. अकरांपैकी सहा-सात नावं माझ्या तोंडातली असत. मिलकडच्या शाळेचं एखादं पोर घेतलं तर घेतलं, तेही बारावा म्हणून, पाणी द्यायला.

बावन्न साली ढमालेने समितीला पत्र लिहिलं. त्याचं अक्षर सुरेख होतं, हेही मला खुपलं. त्याने तीन गोष्टी सुचवल्या होत्या. सगळ्या पोरांची चाचणी चिमणबाग मैदानावर उघड्यावर घ्यायची. आपल्या शाळेच्या पोराला आपण मार्क द्यायचे नाहीत, बाकीच्या चौघांनी दहापैकी द्यायचे. आणि मार्क देणाऱ्याने ते सगळ्यांसमोर वाचून, त्या पोराच्या तोंडावर कारण सांगायचं.

मी म्हटलं, हा तमाशा आहे. पण नानासाहेबांना पत्र फार आवडलं. "मारुतराव, बसा, बसा," म्हणून त्यांनी त्याला नेमक्या माझ्या रोजच्या खुर्चीवर बसवलं. त्या दिवशीची कचोरी मला गोड लागली नाही.

चाचणीच्या दिवशी मिलकडून, ढमालेच्या शाळेचा तुकोजी आला. चौदा वर्षांचा, अनवाणी, हडकुळा. तो संथ फिरकी टाकायचा, आणि त्याची टाकायची तऱ्हा पुस्तकात न बसणारी. हात वरून येण्याऐवजी कमरेच्या थोडा वर, आडवा यायचा, मनगट शेवटच्या क्षणी असं काही वळायचं की काथ्याच्या मॅटिंगवर पडलेला चेंडू फूटभर आत घुसायचा. आमच्या शाळेचा मालोजी, माझा सगळ्यात आवडता फलंदाज, तीन चेंडूंत दोनदा उडाला. दुसऱ्यांदा त्याने बॅटकडे असं पाहिलं, जणू तिनेच दगा दिला.

बाकीच्या मास्तरांना फक्त विकेट दिसत होत्या. मला मनगट दिसत होतं. नेटमध्ये दोन हंगाम घाम गाळून मला जे साधलं नाही ते हे पोर अनवाणी करत होतं, आणि ते सापडलं होतं ढमालेला, ज्याला त्यातलं काही कळत नव्हतं. मी कागदावर लिहिलं, तीन.

वाचायची वेळ आली. बाकीच्यांनी आठ, आठ आणि सात दिले होते. माझा आकडा ऐकून नानासाहेबांनी चष्मा वर केला. "तीन? कारण सांगा, पागनीस."

तुकोजी माझ्यासमोर हात मागे बांधून उभा होता. मी म्हणालो, "तुझा हात खाली पडतो. गोलंदाजाचा हात कानाला घासून गेला पाहिजे. आज चेंडू वळतोय, पण या हातावर पुढे काही खरं नाही. मुळातच खोट आहे." पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. दोन मास्तरांनी माना डोलावल्या. ते खोटं आहे, या पोराच्या बाबतीत तर शंभर टक्के खोटं आहे, हे त्या मैदानावर एकट्या मला माहीत होतं.

तुकोजीचे सव्वीस झाले. संघातला अकरावा सत्तावीस मार्कांवर आला, तो माझा मालोजी. त्याला ढमालेने आठ दिले होते आणि "दोनदा आउट झाला तरी तिसऱ्यांदा पुढे येऊन खेळला, घाबरला नाही," असं कारण सांगितलं होतं.

ढमाले भांडेल म्हणून मी तयारीत होतो. तो तुकोजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्साबना नमस्कार कर. इतकं बारीक कोण सांगतं?" पोराने वाकून नमस्कार केला. ढमालेच्या तोंडावर कुठे टोमणा दिसतो का, ते मी शोधत राहिलो. दिसला असता तर मला त्या रात्री झोप लागली असती.

पुढे जानेवारीत एकदा सकाळी मी सायकलवरून मिलच्या बाजूने जात होतो. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून तुकोजी गोलंदाजी करत होता. उजवा खांदा भिंतीला इतका चिकटवून, की हात आडवा आणला तर बोटं सोलून निघावीत. ढमाले शेजारी उभा राहून प्रत्येक चेंडूला ओरडत होता, "कान! कान!" पोराच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. थंडी होती, दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. मी तिथे सायकल थांबवून एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. पण मला वाटलं, बघा, शेवटी माझंच ऐकावं लागलं. आणि मी पायडल मारलं.

त्रेपन्नच्या चाचणीला तुकोजी पुन्हा आला. या वेळी पायात कॅनव्हासचे बूट होते. हात कानाला घासून जात होता, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. चेंडू सरळ येत होता, टप्पा पडून बॅटवर येत होता, आणि माझ्या शाळेची आठवीतली पोरंसुद्धा तो झाडाखाली भिरकावत होती. तुकोजी धावत जाऊन आणायचा आणि पुन्हा तसाच टाकायचा. प्रत्येक चेंडूनंतर तो माझ्याकडे बघत होता. मला खाली बघावंसं वाटत होतं.

बाकीच्यांनी चार, पाच, चार दिले. मी दहा दिले. नानासाहेबांनी कारण विचारलं. मी उभा राहिलो, पन्नास पोरं बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "मेहनत." तेवढंच बोलून मी खाली बसलो.

पोरं पांगल्यावर मी ढमालेला चिंचेच्या झाडामागे गाठलं. तो मॅटिंग गुंडाळत होता. मी म्हणालो, "ढमाले, गेल्या वर्षी त्याच्या हातात काही खोट नव्हती. मला माहीत होतं. मी मुद्दाम तीन दिले."

तो वाकलेला तसाच राहिला. मग मॅटिंगवर बसला. "मुद्दाम? का म्हणून?"

"तो तुमचा होता म्हणून."

त्याने शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती.

"पागनीसजी, मला दिसत होतं ना," तो म्हणाला. "हात वर केल्यापासून चेंडू वळत नाही, हे मला रोज दिसत होतं. पोरगं पण म्हणालं दोन-तीन बार, मास्साब, मजा नाही येत. मीच त्याला डाटलं. म्हटलं, पूर्ण इंदुरात गोलंदाजीतलं पागनीससाहेबांइतकं कुणाला कळतं? त्यांना दिसलंय आणि मला दिसत नाही, तर नजर माझी कच्ची. भिंतीला मी लावलं त्याला. सालभर, रोज सकाळी."

दहा वर्षं मला त्या माणसाकडून हेच ऐकायचं होतं. माझ्याइतकं कुणाला कळत नाही, हे. त्याने ते दहा वर्षं मानलंच होतं, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

"आता हात परत खाली येईल का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. ते मात्र खरं होतं. मनगट एकदा विसरलं की सहसा आठवत नाही.

तेवढ्यात तुकोजी बूट हातात घेऊन आमच्याकडे पळत आला. संघात नाव नव्हतं, तरी तोंड फुललेलं. आम्हा दोघांकडे पाहून तो थोडा अडखळला, मग ढमालेसमोर उभा राहिला.

"मास्साब, एक विचारू? गुस्सा नाही ना करणार?"

"विचार."

"दहा तर फक्त पागनीस सरांनीच दिले. बाकीच्यांना काही समजतच नाही. मी आता त्यांच्याकडे शिकायला जाऊ का? राजवाड्यापर्यंत पायी येईन, रोज."

ढमालेने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पोराला खरं काय ते सांगेन म्हणून त्याने वाट पाहिली. मी शिटीची दोरी बोटाला गुंडाळत राहिलो.

"जा," तो म्हणाला, आणि त्याने पोराच्या पाठीवरून हात फिरवला.

तुकोजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीच. पण मी खोटं लिहिणार नाही. ढमालेचं पोर त्याला सोडून माझ्याकडे आलं होतं, आणि मला आनंद झाला.