माझा आकडा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला ॲसिड आणि बेस एकत्र केल्यावर किती उष्णता बाहेर पडते ते मोजायचं होतं. माझं उत्तर दर वेळी पुस्तकातल्यापेक्षा बरंच कमी यायचं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "पुस्तकातलाच आकडा टाक की, सगळ्यांनी तेच केलंय." मला ते पटेना. काचेचा बीकर हाताला कोमट लागत होता, म्हणजे उष्णता तिथूनच निसटत होती.

आई अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल शिवते. तिच्याकडे मी जाड तुकडे मागितले. "कॉलेजात आंघोळ करणार हाय का?" असं म्हणून ती हसली, पण दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तुकडे घेऊन आली.

मी बीकरला त्यांचे थर घट्ट गुंडाळले, वर पुठ्ठ्याचं झाकण बसवलं आणि भोकातून थर्मामीटर आत सोडला. या वेळी पारा चढला आणि लगेच उतरला नाही. आकडा पुस्तकातल्या आकड्याच्या जवळ आला, तरी थोडा कमीच होता.

"हाच लिहिणार?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. मला हाच मिळालाय."

त्यांनी सही केली आणि टॉवेलात गुंडाळलेला बीकर पुढच्या बॅचला दाखवायला ठेवून घेतला.