रोझीच्या तीन पोरी

"मी बसायला आलेली नाही," असं नर्सबाई दारातच सांगून टाकायच्या. पायांत चपला तशाच, काखेत पिशवी. घरचा माणूस खुर्ची पुढे सरकवायचा, आतून पाण्याचा तांब्या यायचा. बाई उभ्याउभ्याच पाणी पीत आणि मुद्द्यावर येत. एकदा बसलं की चहा येतो, आणि चहा प्यायल्यावर माणसाला खडसावता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

तीस वर्षं त्यांनी खेडोपाडी नोकरी केली. लसी टोचल्या, बाळंतपणं केली, कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनसाठी बायकांना आणि त्यांच्या सासवांना राजी केलं. निवृत्तीनंतर त्या मिरजेत राहायला आल्या आणि एकटेपणाला सोबत म्हणून जर्मन शेफर्ड जातीची कुत्री पाळली. तिचं नाव रोझी. माझा जनावरांचा दवाखाना त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे रोझीची पहिली पिल्लं मीच हातात घेतली. तीन नर, तीन माद्या. दोन महिन्यांनी माद्या दिल्या गेल्या: एक इस्लामपूरला, एक शिरवळला, एक आटपाडीला. बाईंनी प्रत्येकीबरोबर नारळ आणि खण दिला. "पोरगी देतेय, सांभाळा," असं वर सांगितलं. हौसच तशी होती.

मग घरच्या नरांपैकी एकाला मी लस टोचली. संध्याकाळपर्यंत त्याची मांडी टम्म सुजली, आत रक्त साठत गेलं आणि तिसऱ्या दिवशी ते पिल्लू गेलं. मी माझ्या हाताला दोष देत बसलो. दोन महिन्यांनी दुसऱ्याचे दुधाचे दात पडू लागले, तर हिरडीचं रक्त थांबेचना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रक्त पुण्याला तपासायला पाठवलं. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्यात जवळजवळ नव्हताच.

"हे आईकडून येतं," मी बाईंना सांगितलं. "आई ठणठणीत असते, भोगतात नर. मुलींपैकी कुणी हे घेतलंय ते इथल्या इथे खात्रीनं सांगता येत नाही. त्यामुळे तिघींपैकी एकीलाही पिल्लं होऊ देऊ नका."

बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी दुखणं वाटलं, डॉक्टर. खण-नारळ देऊन."

त्याच आठवड्यात रोझीचं ऑपरेशन झालं आणि बाई एसटीत बसल्या. इस्लामपूरचं जोडपं शिक्षकी पेशातलं, पहिल्या खेपेलाच पटलं. शिरवळला तीन खेपा झाल्या. तिथला गृहस्थ कारखान्यात कामाला, आणि त्याचं एकच पालुपद: "पण बाप चांगला होता ना?" तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे पिल्लू घेणारा माणूस मोबाईलवर बापाचा फोटो बघतो, बापाचा रुबाब बघतो, बापाची छाती किती रुंद ते विचारतो. आईचं नावसुद्धा कुणी विचारत नाही. मी हे बोलून बोलून थकलोय. शेवटी त्या गृहस्थाच्या बायकोनं बाईंचं ऐकलं आणि दुसरीही सुटली.

राहिली आटपाडीची जूली. तिचे मालक आबा, डाळिंबाची बाग असलेले. माणूस वाईट नाही, आणि खरा त्रास तोच आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"आवं बाई, मान्सांची आपरेशनं संपली म्हून आता कुत्र्यांच्या मागं लागलासा व्हय?" आबा हसत.

"आबा, नर पिल्लं रक्त जाऊन मरतील."

"जूलीला तर काय बी न्हाई."

"तिला नाहीच होणार. तिच्या पोरांना होईल."

"हुईल तवा बघू. मेव्हण्याला शबूद दिलाय, पैलं पिल्लू त्येचं."

असे सहा हेलपाटे झाले. प्रत्येक वेळी बाई परत येताना पिशवीभर डाळिंबं घेऊन येत आणि ती रागानं माझ्या टेबलावर आपटत. सातव्या खेपेला आबा हो म्हणाले. मी सोमवार दिला. आबा खरोखरच जूलीला जीपमध्ये घालून मिरजेला आले, आणि मी नव्हतो. पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला गेलो होतो. तारीख मीच दिली होती आणि मीच विसरलो होतो. आबा परत गेले, दहा दिवसांत जूली माजावर आली, आणि पुढचं काय सांगू! त्या वेळची दोन्ही नर पिल्लं गेली. आबा म्हणाले, नजर लागली.

बाई दवाखान्यात आल्या तेव्हा मी बोलणी खायची तयारी करून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "आता चार पोरी वाढल्या, डॉक्टर. पत्ते घ्यायला हवेत." त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या चौघींमागेही त्या हिंडल्या. दोघींचं जमलं. मग गुडघ्यांनी दगा दिला. शेवटचे सहा महिने त्यांना जिना उतरता आला नाही. जूलीच्या ऑपरेशनसाठी आबांना फोन करायच्या, आबा म्हणायचे, "काळजी करू नगासा." यंदाच्या उन्हाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

तेराव्याला आबा आले. खरंच रडत होते. हातात पुठ्ठ्याचा खोका, आत पिल्लू.

"बाईंची आठवण म्हून तुमास्नी आणलंय, डाक्टर. जूलीचं हाय. पोरगी."

"आबा, परत?"

"लोकं दम कुटं काढू देत्यात! मिरजेची नर्सबाई जूलीसाठी एवढ्या लांबनं हेलपाटं घालती म्हंजी जात लय भारी असणार, असं समद्या तालुक्यात झालंय. बाईंचं नाव घेतलं की पिल्लू दारात ऱ्हात न्हाई."

"किती झाली?"

"सात. त्यात पोरी पाच. ही तुमची, बाकीच्या चौघी लोकांनी नेल्या." त्यांनी डोळे पुसले. "आज बाई असत्या तर लय खूश झाल्या असत्या बगा."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी खोका घेतला, त्यांना बसवलं, कागद काढला आणि म्हणालो, "त्या चौघी कुठे दिल्या, सांगा."

आबांना दोनच घरं आठवली.