पदराखालची किटली

बहात्तरच्या दुष्काळात सासरची बैलजोडी गेली आणि गोठ्यात एक म्हैस उरली. तिच्यापुढे कडबा अख्खाच पडायचा. निम्मा पायाखाली जायचा. कुंभारीला माझ्या माहेरी कडबा बारीक तोडत, सरकीची पेंड भिजवून घालत. पाऊसपाणी झाल्यावर सासूबाईंना विचारून मी तसंच सुरू केलं. विहिरीच्या पाटाकडेला हिरव्या चाऱ्यासाठी लसूणघास लावला. म्हैस व्याली, आणि घरात दूध मावेना.

गावात दूध केंद्र नुकतंच निघालं होतं. रोज सकाळी सोलापूरची गाडी यायची. सासूबाई म्हणाल्या, आपणही घालू. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. दूध विकणं म्हणजे घराची अब्रू विकणं, असं त्यांना वाटे. लाज मलाही वाटायचीच. पदराखाली किटली झाकून मी मागच्या बोळानं जायची. रांगेत सगळे बाप्ये.

एकदा केंद्रावरच्या माणसानं दुधात काचेची नळी सोडली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पाणी हाय की यात."

मागं कुणीतरी हसलं. मी पाणी घातलं नव्हतं, तरी किटली उचलून रांगेतून निघाले. दूध तसंच परत आणलं. सासूबाईंना सांगताना रडू आलं. सासरे ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं आणि उठून शेताकडं गेले.

दुसऱ्या सकाळी किटली त्यांनीच उचलली, मला बरोबर घेतलं आणि मधल्या रस्त्यानं, पारावरच्या माणसांसमोरून केंद्रावर गेले. रांगेपुढं उभं राहून म्हणाले, "काल पाणी मी घातलं. पावणं आलं हुतं. घरात दूध न्हाय म्हनाय जीभ रेटंना. किटलीतलं त्यास्नी दिलं. सुनेचा दोष न्हाय."

कुणी हसलं नाही. ज्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, ते माझ्यापायी चारचौघांत मान खाली घालून उभे होते. आळ गेला, पण कालच्याहून जास्त लाज मला तेव्हा वाटली. "मामा, पुरे," एवढंच मी सासऱ्यांना म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं.

पुढं दूध तेच नेऊ लागले. घासाचे वाफे त्यांनीच वाढवले, दुसरी म्हैस आणली. मंद्रूपच्या बाजारादिवशी मात्र रस्त्याला परगावची ओळखीची माणसं असायची. त्या दिवशी ते किटली ओट्यावर ठेवून गोठ्यात शिरायचे, आणि मी ती उचलायची.