नमुनेसाहेबांची कोथिंबीर

बिस्किटांच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली ती संशय घेण्यात. भट्टीतून माल आला की त्यातला एक पुडा उचलायचा, फोडायचा, बिस्कीट मोडून बघायचं आणि मगच मान हलवायची. पॅकिंगच्या बायकांनी त्यांचं नावच पाडलं, नमुनेसाहेब. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही.

मग तापात बायकोचं नाक गेलं. ताप उतरला, अंगात ताकदही आली, पण वास काही येईना. जेवण म्हणजे नुसता भुसा. जिच्या हातच्या चवीचं पाहुणे तोंड भरून कौतुक करायचे, ती स्वयंपाकघरात पाऊल टाकेनाशी झाली आणि दिवसदिवस खाटेवर पडून राहू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज काहीतरी ताजं, उग्र हुंगायला द्या. येऊ शकेल वास परत." त्यातलं 'शकेल' नमुनेसाहेबांनी सोयीस्करपणे ऐकलंच नाही. बाजारातली जुडी आणली, तर ती पाण्यात भिजून मलूल. तेव्हा कोथिंबीर घरीच लावायची, तोडली की थेट नाकाशी, असं त्यांनी ठरवलं.

डब्यातले धणे त्यांनी गॅलरीतल्या कुंडीत पेरले. रोज सकाळी काडीने उकरून एक धणा बाहेर काढायचा, चष्मा वर सारून निरखायचा आणि परत पुरायचा. कुंडी टकलीच राहिली. त्यांनी वाण्याला नावं ठेवली, मातीला नावं ठेवली.

खाटेवरून बायको बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"अहो, ते काय बिस्कीट आहे, रोज फोडून बघायला?"

"उगवतंय की नाही, कळायला नको?"

"तुम्ही उगवू दिलंत तर उगवेल ना! कोंब फुटला की तुम्ही त्याची मान मोडताय."

"मग तूच सांभाळ," ते चिडून म्हणाले. "माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही."

ती खरंच उठली. माहेरी परसातलं सगळं तिनेच केलेलं. तिने धणे पोळपाटावर घेऊन लाटण्याने हलकेच दाबले, एकेकाच्या दोन फाका होतील इतकेच. रात्रभर भिजवून सकाळी ते उथळ ओळींत पेरले, वर पातळ माती आणि ओलं गोणपाट. मग कुंडीशेजारी खुर्ची टाकून स्वतःच बसली. नमुनेसाहेब गॅलरीत डोकावले की ती दरडावायची, "हात मागे!" आणि कारखाना हादरवणारा हा माणूस मुकाट्याने हात मागे बांधून उभा राहायचा.

आठवडा कोरडाच गेला. नमुनेसाहेबांची झोप उडाली. मग एका सकाळी हाक आली, "अहो, या लवकर! हात मागे ठेवून या." गोणपाटाखाली माती डोक्यावर घेऊन वाकलेले कोंब उभे होते.

रोपं वाढली, पानांना नक्षी आली, तसे नमुनेसाहेब धास्तावले. उगवत नव्हती तोवर आशेला धक्का नव्हता. आता खरं काय ते कळणार होतं. "अजून कोवळी आहे गं," म्हणत त्यांनी बरेच दिवस काढले. शेवटी एकदा काडी तोडली, बोटांत चुरगळली आणि तिच्या नाकाशी नेली. तिने डोळे मिटून श्वास ओढला.

"नाही."

"उद्या बघू," ते म्हणाले. उद्याही तेच झालं, परवाही तेच. काड्या संपत आल्या तेव्हा तिने पुन्हा धणे भिजत घातले.

ही दुसरी कोथिंबीर हाताशी आली तेव्हा, एका सकाळी, तिने एकदम मान मागे घेतली.

"शी! काय आणलंत हे? ढेकूण चिरडल्यासारखी घाण येतेय!"

"काय येतेय?"

"घाण! अहो, घाण..." आणि ती बोलता बोलता थांबली.

नमुनेसाहेबांना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"परत म्हण."

"घाण येतेय," ती म्हणाली, आणि त्यांची बोटं ओढून तिने पुन्हा नाकाला लावली.