रिकाम्या सुरांखालची रेघ

नाशिकरोडच्या छपाईच्या दुकानात एक गृहस्थ जुन्या रेकॉर्डिंगवरून आमच्या घरातल्या गाण्यांची स्वरलिपी पुस्तकासाठी संगणकावर जुळवत होते. एका ओळीत सूर टाइप करायचे, दुसरीत अक्षरं. एक अक्षर राहिलं की पुढची सगळी सरकतात. म्हणून प्रत्येक ओळ ते टेबलावर बोटं आपटत मोठ्यानं गाऊन बघायचे. आवाज भसाडा, पण संकोच नावाला नाही.

माझ्या आईच्या अंगाईत 'बाळा'नंतर बरेच सूर रिकामे दिसले. मी म्हणालो, "तिथं एखादा शब्द भरा की."

"नाही भरणार. रेकॉर्डिंग नीट ऐका, आईंनी 'ळा' सोडलाच नाहीये, तोच लांबवलाय," म्हणत त्यांनी त्या सुरांखाली लांब रेघ ओढली.

आई आता नाही. तिला कधीच न पाहिलेली माझी सून पुस्तकातून गाते, आणि त्या रेघेवर नेमकी आईसारखी रेंगाळते.