कानसेन आणि मुकं कपाट

…हां, तर ते लोखंडी कपाट. काल मी तिथवर आलो आणि आमच्या हिने जेवायला उठवलं, त्यामुळे कपाटाचं दार उघडंच राहिलं. ते आज लावून टाकू.

कपाट म्हणजे कपड्यांचं नव्हे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातलं, माणसाच्या उंचीचं, राखाडी रंगाचं विजेचं कपाट. आत कॉन्टॅक्टर ओळीने बसवलेले. आमच्या गावच्या शाळेत वीज शिकवली ती पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून, त्यामुळे कॉन्टॅक्टर म्हणजे काय हे मला कळलं ते लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. साबणाच्या वडीएवढा डबा असतो. मशीनचं बटण दाबलं की त्यातलं लोखंड ओढलं जातं आणि मोटारीला वीज मिळते. थांबवायचं बटण दाबलं की लोखंड सुटतं आणि वीज तुटते. दोन्ही वेळा आवाज होतो: खट. मशीन सुरू होताना लहान डबे एकामागून एक खट, खट, खट करत, जणू कुणी म्हातारा सकाळी उठून बोटं मोडतोय. शेवटी सगळ्यात मोठा बोले: खटाक.

या कपाटाचा धनी आमचा मेहुणा. हिचा पाठचा भाऊ, कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. घरच्या नावाने त्याला फक्त हीच हाक मारायची, बाकी सगळा कारखाना त्याला कानसेन म्हणायचा. मी त्याच कारखान्याची खोकी टेम्पोतून पोचवायचो, म्हणून हे नाव पडलं त्या दिवशी मी तिथेच होतो. कपाटाकडे पाठ करून आम्ही डबा खात होतो. अचानक याचं चावणं थांबलं. म्हणाला, तिसऱ्याचं नाक चोंदलंय. मुकादम हसला. याने हात धुतले, कपाट उघडलं, तिसरा डबा खोलला, तर आत पुठ्ठ्याची धूळ मावत नव्हती. मुकादम म्हणाला, तानसेन ऐकून होतो, हा आमचा कानसेन. तेव्हापासून त्या नावावाचून कुणी त्याला हाक मारली नाही.

आता कारखान्याची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मशीनमध्ये दोन रूळ आणि एक पातं. पुठ्ठा अडकला की मशीन थांबवायचं आणि आत हात घालून तो ओढून काढायचा. पण बटण दाबल्या दाबल्या नाही. कपाटातून मोठा खटाक ऐकू आला की मगच. भिंतीवरच्या पाटीवर हे नव्हतं, मालकाने कधी सांगितलं नव्हतं. जुना कामगार नव्याला पहिल्याच दिवशी एवढंच शिकवायचा, की खटाक नाही तर हात नाही. आणि तो खटाक खणखणीत ठेवणं हे कानसेनाचं काम. त्याने सकाळी एकदा कपाट चालवून ऐकलं आणि मान हलवली, की माणसं निर्धास्त.

असा हा माणूस, आणि त्याचेच कान गेले.

पहिल्यांदा कळलं ते मला. आमच्याकडे आला होता, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि हा त्याच्याशेजारी पेपर वाचत बसलेला. ही दारातून ओरडली, अरे, बंद कर ना तो. हा पान उलटतोय. त्याला वाटलं, मळ साचला असेल. कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं मशीनच्या गडगडाटात काढली आहेत, आतली नसच थकली. गेलं ते परत येणार नाही. कानात यंत्र घातलं तर माणसांचं बोलणं थोडं बरं कळेल. हा पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, कानसेनाने कानात यंत्र घालून कारखान्यात जायचं म्हणजे पोहणाऱ्याने कमरेला भोपळा बांधून मिरवायचं. मला शपथ घातली. ताईला तर मुळीच सांगायचं नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे त्याचं खरं होतं.

भीती कसली होती ते सांगतो. कपाट हातातून गेलं की त्याला गोदामात खोकी रचायला पाठवतील. काम काय, कुठलंही वाईट नसतं. पण ज्या माणसाने मान हलवल्यावर सगळा कारखाना हलायचा, त्याने कोपऱ्यात खोकी रचायची, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. मग त्याने एक तोड काढली. सकाळी कपाटाच्या दाराला तळहात लावून उभा राहायचा. खटाक झाला की पत्र्याला हिसका बसतो, तो हाताला कळायचा. लोकांना वाटलं, विद्या आणखी वाढली. मुकादम म्हणायचा, आता तर हा नाडी बघतो.

अशात नव्या कपाटाची गोष्ट निघाली. मालकाला मशीन जोरात चालवायचं होतं, जुन्या कपाटाला ते झेपणारं नव्हतं. एक इंजिनीयर बाई सामान दाखवायला आल्या. मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, सगळ्यांना हुकूम सोडणारा एक लहान डबा, त्याला त्या कंट्रोलर म्हणत, बोटाने चालणारा पडदा, आणि मशीनच्या झाकणाला, म्हणजे दाराला, बसवायचं एक कुलूप. मुकादमाने नाक मुरडलं. मालक बाईंना म्हणाले, आमच्या कानसेनाचा मान आहे, तो नको म्हणाला तर जुनंच डागडुजी करून ठेवू. झालं ना कौतुकच अंगावर आलेलं? मानापायी माणूस त्याच कपाटाशी बांधला जात होता, जे त्याला ऐकू येत नव्हतं.

त्या संध्याकाळी तो माझ्या टेम्पोत येऊन बसला. म्हणाला, “भाऊजी, नवं कपाट मुकं आहे. पण दिव्यांनी बोलतं. आणि डोळे माझे शाबूत आहेत.”

दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना होकार दिला. सगळे चाट. मुकादम म्हणाला, अजून उंबरा ओलांडला नाही आणि सासरचं कौतुक सुरू झालं. हा कामाला लागला. बाईंच्या हाताखाली त्याने नवं कपाट जोडलं. नव्या जोडण्यांत वायर नुसती खुपसली की आतली स्प्रिंग ती धरून ठेवते, स्क्रू पिळायला नको. बाई म्हणाल्या, धरलीय हो तिने. हा म्हणाला, धरलीच असेल, आणि तरी प्रत्येक वायर ओढून बघितली. बाई हसल्या. मग त्यांनाही सवय लागली, त्याही ओढून बघायला लागल्या.

मशीन सुरू झालं त्या दिवशी मी माल भरायला म्हणून गेलो होतो. पुठ्ठा अडकायला फार वाट बघावी लागली नाही. मशीनवाल्याने बटण दाबलं. रूळ थांबले, दारावर हिरवा दिवा लागला, कुलूप सुटलं, दार उघडलं. आणि तो माणूस हात हवेत धरून उभा. मागचे चौघेही कान टवकारून उभे. खटाक काही येईना. येणार कुठून, मोटारीची वीज आता ड्राइव्ह तोडत होता, आवाज न करता.

बाईंनी समजावलं, वीज तुटून रूळ उभे राहिल्याशिवाय हे दार उघडतच नाही. मशीनवाला म्हणाला, पटलं बाई. पण पटलं ते डोक्याला, हाताला नव्हे. मुकादम पुढे झाला, म्हणाला, सरका, मी घालतो. त्याचा हात चौकटीपर्यंत गेला आणि तापलेल्या तव्याला लागल्यासारखा परत आला. कुणी हसलं नाही. हसणार कोण, सगळ्यांचे हात खिशात.

दुपार झाली, पुठ्ठा तिथेच, माझा टेम्पो बाहेर रिकामा. मग मुकादमाला उपाय सुचला. जुन्या कपाटातला मोठा कॉन्टॅक्टर नव्या कपाटात टांगायचा. त्याने वीज तोडायची नाही, जोडायची नाही. मशीन थांबवायचं बटण दाबलं की फक्त खटाक करायचं. माणसांचे चेहरे उजळले. बाई म्हणाल्या, मी हे बसवणार नाही. आवाजाच्या मागे काहीच नसेल तर तो आवाज खोटं बोलेल. मालक हात जोडून म्हणाले, बाई, खोटं तर खोटं, माणसं कामाला तरी लागतील. आणि त्यांनी कानसेनाकडे बघितलं, तू बसवशील ना?

त्याच्यासाठी ते चहा गाळण्याइतकं सोपं काम. बसवलं असतं तर मालक खूश, मुकादम खूश, आणि याचं गुपित जन्मभर झाकलेलं. त्याला प्रश्न नीट कळला नव्हता, ते मला त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. त्याने मुकादमाला जवळ बोलावून सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग सावकाश म्हणाला,

“नाही बसवणार. आतली वीज जोडणारी टोकं वितळून चिकटली, वीज तुटलीच नाही, तरी खटाक होऊ शकतो. तो ऐकून हात घालणं तेव्हाही धोक्याचंच होतं. आणि मला तर तो कितीतरी दिवसांत ऐकूच आलेला नाही.”

एकजण हसला, त्याला थट्टा वाटली. मुकादम हसला नाही. तो कानसेनाच्या पाठीमागे गेला आणि टेबलावरचा मोठा पाना उचलून फरशीवर टाकला. आम्ही सगळे दचकलो. माझा मेहुणा मालकांच्या तोंडाकडे बघत तसाच उभा होता, ते काय म्हणतात याची वाट बघत.

मालक खाली बसले. तेव्हा मेहुणा मशीनपाशी गेला. हिरवा दिवा बघितला, उघडं दार बघितलं, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घालून अडकलेला पुठ्ठा ओढून काढला. टेबलावर ठेवला. हात झटकला.

मुकादमाचा चेहरा लाल झाला होता. बोलायचं सोडून रडेल की काय असं मला वाटलं. मालक म्हणाले, मग आता हे कपाट बघायचं कुणी? आणि त्यावर मुकादम कानसेनाच्या अगदी समोर आला, ओठ नीट दिसावेत म्हणून की रागाने कोण जाणे, आणि म्हणाला, “म्हणजे आम्ही इतके दिवस एका बहिऱ्याच्या मान हलवण्यावर मशीनमध्ये हात घालत होतो. आणि आता कुणाच्या भरवशावर घालायचे? तुझ्याच?”

आमचा कानसेन म्हणाला,

“माझ्या नको, दाराच्या. ते उघडलं तर खुशाल हात घाला. नाही उघडलं तर मला बोलवा, कपाट मीच बघेन. फक्त लांबून हाका मारत बसू नका, जवळ येऊन खांद्यावर हात ठेवा.”