सापडलं तर सुई ठेवीन

"शोधा," असं म्हणून चाचा रफू केलेला कपडा गिऱ्हाईकाच्या अंगावर टाकायचे आणि विडा लावायला बसायचे. "सापडलं तर सुई ठेवून देतो. कायमची."

उस्मानपुऱ्यात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक चटई आणि एक बल्ब. गिऱ्हाईक भोक शोधू लागलं की शेजारचा चहावाला, रिक्षावाले आणि मी, सगळेच त्यात डोकं घालायचो. एका वकिलीणबाईंनी तर आपली पैठणी बदलली म्हणून भांडण काढलं. चाचा बेहद्द खूश. एवढी शाबासकी त्यांना कुणी दिली नव्हती.

धागा बाहेरचा वापरायचा नाही, त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढायचा, ही त्यांची रीत. मग ती नवाबी अचकन असो की लेणी बघायला आलेल्या बाईचा उझबेकी झगा. तो झगा उलटसुलट करून म्हणाले, "सूत परदेशी हाय, भोक मात्र आपल्यासारखंच."

दुष्काळात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. चाचांजवळ एक तांब्या झाकलेला असे. मी प्यायला मागितलं तर म्हणाले, "ते रेशमाचं हाय. हात धुतल्याबिगर मी त्याला शिवत नाय. तुम्ही चहा प्या."

पुढे रस्ता रुंद झाला, समोर तयार कपड्यांची दुकानं आली, फाटलेलं लोक टाकून देऊ लागले. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ते कबूल करत नसत. मी आजोबांची जुनी हिमरू शाल त्यांच्याकडे नेली. खरं सांगायचं तर त्यांच्या हातात काहीतरी काम असावं म्हणूनच नेली.

चार दिवसांनी ती माझ्या खांद्यावर पडली. "शोधा."

शोधायचं काय? शालीवरच्या पिवळ्या कैरीच्या नक्षीत निळा धागा, रस्त्यापलीकडून दिसावा असा. चहावाला माझ्याकडे बघत राहिला. मी शाल उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली, चांगली पाच मिनिटं घालवली.

"हरलो, चाचा."

"मंग?" म्हणत त्यांनी सुई टोपीत खोचली आणि विडा तोंडात टाकला.

चाचा गेले. जिन्याखाली आता मोबाइल दुरुस्त होतात.

परवा एका लग्नात मी ती शाल खांद्यावर घेतली होती. मावसबहीण म्हणाली, "अरे, रफू दिसतोय की." मला भयंकर राग आला.

"कुठं?"

तिने बोट ठेवून दाखवलं. तरी मला दिसला नाही.